उसना घोडा : रिल्केच्या ‘कॉर्नेट’मधील घोडदौड आणि अपुरे राहिलेले सैनिकी स्वप्न

प्रास्ताविक

रायनर मारिया रिल्के (१८७५-१९२६) हा जर्मन कवी आपल्याकडील वाचकांना प्रामुख्याने ‘दुइनो विलापिका’ आणि ‘एका तरुण कवीस पत्रे’ या दोन पुस्तकांमुळे परिचित आहे. यांपैकी दुसऱ्या पुस्तकासंबंधी एक गोष्ट मात्र सहसा चर्चेत येत नाही. ज्या तरुणाला ही दहा पत्रे १९०३ ते १९०८ या काळात लिहिली गेली, तो फ्रान्झ झेव्हर काप्पुस हा विनर नॉयश्टाट येथील सैनिकी अकादमीचा विद्यार्थी होता. १९०२ च्या शरद ऋतूत अकादमीच्या बागेत तो रिल्केच्या कविता वाचत बसला असता तेथील धर्मगुरू-प्राध्यापक होराचेक यांनी पुस्तकावरील नाव ओळखले. हा कवी म्हणजे सांक्ट प्योल्टनच्या सैनिकी शाळेत आपल्या हाताखाली शिकलेला मुलगा, हे त्यांना आठवले. काप्पुसने रिल्केला पत्र लिहिण्याचे धाडस केले ते या ओळखीमुळे. म्हणजे जगभरच्या नवोदित कवींनी ज्या पुस्तकाला दीक्षाग्रंथ मानले, त्याचा उगम सैनिकी शाळेतून बाहेर पडलेल्या एका मुलामध्ये आणि तेथेच अडकून पडलेल्या दुसऱ्या मुलामध्ये झालेल्या संवादात आहे.

प्रस्तुत लेखात रिल्केच्या ‘कॉर्नेट क्रिस्टोफ रिल्के याच्या प्रेमाची आणि मृत्यूची गाथा’ (यापुढे ‘कॉर्नेट’) या गद्यकाव्याचा या दृष्टीने विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. ही कृती युद्धाचे आणि वीरमरणाचे उदात्तीकरण करते, असा तिच्याविषयीचा रूढ समज आहे. दोन महायुद्धांतील तिच्या वाचनाने तो समज पक्का केला. परंतु संहिता बारकाईने वाचली असता ती युद्धाची कथा नसून युद्धापर्यंत कधीच न पोहोचलेल्यांची कथा आहे, असे दिसते. या कृतीतील घोडा हे शौर्याचे प्रतीक नाही. अंगी नसलेले सैनिकपण तात्पुरते मिळवून देणारे ते साधन आहे. मराठ्यांच्या घोडदळात शिलेदार आणि बारगीर असा भेद होता. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येई, बारगिरास घोडा सरकारातून मिळे. या परिभाषेचा आधार घेऊन सांगायचे तर रिल्केचा नायक वेषाने शिलेदार आणि वस्तुतः बारगीर आहे. त्याचा घोडा उसना आहे. तो कोणाकडून उसना घेतला, याचा शोध या लेखात घ्यावयाचा आहे. ही कृती इंग्रजी अनुवादांच्या आधारे अभ्यासली असल्यामुळे मूळ जर्मन शब्दनादावर अवलंबून असणारी विधाने येथे शक्यतो टाळली आहेत.

१. घराण्यातील अपुरे स्वप्न

रिल्केचे वडील जोसेफ रिल्के (१८३८-१९०६) यांनी तारुण्याची उमेदीची वर्षे ऑस्ट्रियाच्या सैन्यात घालविली. १८५९ च्या इटलीतील मोहिमेत ते होते आणि काही काळ ब्रेशिया येथील किल्ल्याची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. परंतु अधिकारपद त्यांना मिळाले नाही. प्रकृतीच्या तक्रारीही होत्या. १८६५ मध्ये त्यांनी सैन्य सोडले आणि पुढील आयुष्य रेल्वे कंपनीच्या नोकरीत काढले. जोसेफ यांचे बंधू यारोस्लाव्ह हे प्रागमधील यशस्वी वकील. त्यांना सरदारकीचा किताब मिळाला होता आणि आपले घराणे जुन्या कुलीन रिल्के घराण्याशी जोडलेले आहे हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी दप्तरखान्यांतून बराच शोध घेतला. तो संबंध सिद्ध झाला नाही. एका भावाचे सैनिकी स्वप्न आणि दुसऱ्याचे वंशावळीचे स्वप्न, अशी दोन अपुरी स्वप्ने या घरात एकत्र नांदत होती.

आई फिया हिने मुलाला लहानपणी मुलीसारखे वाढविले आणि वडिलांनी त्याला सैनिक करावयाचे ठरविले. १८८६ मध्ये, अकराव्या वर्षाच्या आतच, त्याची रवानगी सांक्ट प्योल्टनच्या सैनिकी शाळेत झाली. १८९० मध्ये तो मेरिश-वाइसकिर्खेन येथील वरिष्ठ शाळेत गेला आणि १८९१ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव तेथून बाहेर पडला. रोबर्ट मुसील हाही पुढे याच वरिष्ठ शाळेत शिकला. त्याच्या ‘तरुण टोर्लेस’ (१९०६) या कादंबरीतील क्रौर्याला तेथील अनुभवाची पार्श्वभूमी आहे, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

या पाच वर्षांविषयी रिल्केच्या मनात काय साठले होते, ते १९२० मध्ये उघड झाले. सांक्ट प्योल्टनमधील त्याचे जुने शिक्षक, आता मेजर जनरल झालेले झेडलाकोवित्झ, यांनी त्याला आपुलकीचे पत्र पाठविले. रिल्केने दिलेले उत्तर सभ्य पण कठोर आहे. त्या वर्षांची आठवण दडपून ठेवली नसती तर आपण जगूच शकलो नसतो, अशा आशयाचे ते आहे आणि त्यात दस्तयेव्हस्कीच्या सैबेरियातील तुरुंगवासाची आठवण काढलेली आहे.

मात्र एवढ्यावरून या मुलाला सैनिकी जीवनाचा तिटकारा होता, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. शाळेत असताना त्याने तीस वर्षांच्या युद्धाचा इतिहास लिहावयास घेतला होता. शाळा सुटल्यानंतरही काही काळ तो गणवेश अंगावर घालून वावरत असे. जी शाळा असह्य झाली तिचा वेष मात्र सोडवत नव्हता. ‘कॉर्नेट’चा विचार या विसंगतीपासून सुरू करावा लागतो. शाळा हे वास्तव होते आणि गणवेश हे स्वप्न होते. वास्तव नाकारूनही स्वप्न अंगावर बाळगता येते.

२. नोंद आणि तिची अट

‘कॉर्नेट’चा पहिला खर्डा १८९९ च्या शरद ऋतूतील एका रात्री बर्लिनजवळील श्मारगेनडॉर्फ येथे लिहून झाला, असे रिल्केने स्वतः सांगितले आहे. त्या वेळी तो चोवीस वर्षांचाही नव्हता. त्याच वर्षी त्याने ‘व्यायामाचा तास’ ही कथा लिहिली, ही गोष्ट महत्त्वाची आहे. कथेत सैनिकी शाळेतील एक सामान्य, ढिला मुलगा एके दिवशी अचानक खांबावर शेवटपर्यंत चढून जातो, खाली उतरतो आणि थोड्याच वेळात मरण पावतो. भोवती शिस्त, हुकूम आणि मुलांची कुजबुज. एकाच वर्षी, एकाच लेखणीतून सैनिकी जीवनाची ही दोन चित्रे उतरली. एकात शरीर हुकुमाखाली मोडून पडते. दुसऱ्यात ते घोड्यावर बसून वाऱ्यासारखे जाते. दुसऱ्या चित्रातून पहिले चित्र वगळले आहे. ‘कॉर्नेट’मध्ये कवायत नाही, शाळा नाही, शिक्षा नाही. ज्या मार्गाने सैनिक घडतो तो मार्गच कथेत नाही.

कृतीच्या आरंभी एक दप्तरी नोंद दिली आहे. यारोस्लाव्ह यांच्या वंशशोधात हाती लागलेल्या कागदांतून ती आलेली आहे. १६६३ मध्ये ओटो फॉन रिल्के याला त्याचा भाऊ क्रिस्टोफ याच्या वाट्याची जमीन मिळाली. क्रिस्टोफ हंगेरीत तुर्कांविरुद्धच्या युद्धात पडला होता. पिरोव्हानो या सरदाराच्या तुकडीत तो कॉर्नेट होता. कॉर्नेट म्हणजे घोडदळाच्या तुकडीचे निशाण वाहणारा कनिष्ठ अधिकारी. ओटोला जमीन मिळाली खरी, पण एका अटीवर. क्रिस्टोफ परत आलाच तर हे हस्तांतर रद्द समजावे, असे त्याच्याकडून लिहून घेण्यात आले.

या अटीकडे समीक्षेने अधिक लक्ष द्यावयास हवे होते असे वाटते. मृत्यूचा दाखला हजर असूनही कागदाने मृताच्या परतीची जागा मोकळी ठेवली आहे. सिद्ध न झालेल्या वंशसंबंधाच्या आधारे रिल्के या मोकळ्या जागेत शिरतो. क्रिस्टोफ परत येत नाही, पण त्याचे नाव धारण करणारा एक कवी दोनशे छत्तीस वर्षांनी येतो आणि जमिनीऐवजी त्याच्या शेवटच्या घोडदौडीवर हक्क सांगतो. १९०४ मध्ये प्रागच्या एका नियतकालिकात ही कृती प्रथम छापली गेली, तेव्हा शीर्षकात नाव ‘ओटो रिल्के’ असे होते. १९०६ च्या पुस्तकात ते ‘क्रिस्टोफ’ झाले. जमिनीचा वारस झालेल्या भावाचे नाव जाऊन तेथे रणात पडलेल्या भावाचे नाव आले.

३. घोडदौडीचे स्वरूप

कथानक अगदी थोडके आहे. लांगेनाउचा तरुण सरदारपुत्र इतर स्वारांसह हंगेरीच्या सपाट प्रदेशातून सैन्याकडे चालला आहे. सोबत एक फ्रेंच मार्क्विस आहे. त्याच्याजवळ प्रेयसीने दिलेला गुलाब आहे. त्याची एक पाकळी तो लांगेनाउला देतो. स्वार आपापल्या आईविषयी बोलतात. पुढे लांगेनाउ सेनापती श्पोर्कच्या पुढ्यात उभा राहतो आणि कॉर्नेट होतो. मुक्कामाच्या एका गढीत मेजवानी होते, तेथील सरदारपत्नीबरोबर तो रात्र घालवितो. पहाटे शत्रूचा हल्ला होतो, गढी पेटते. निशाण घेऊन तो घोड्यावरून शत्रूच्या गर्दीत शिरतो आणि मारला जातो.

आरंभीच घोडदौडीचे एकच क्रियापद पुनःपुन्हा येते. दिवस, रात्र, पुन्हा दिवस. ना डोंगर, ना झाड. या वर्णनात एक गोष्ट लक्षात येते. येथे घोडा चालविण्याचे कौशल्य कोठेही वर्णिलेले नाही. लगाम, मांड, रिकीब यांवरील हुकमत दाखविणारा एकही प्रसंग नाही. स्वार जात नाही, तो नेला जातो. त्याला थकवा येतो, आठवणी येतात, तो बोलतो, गप्प होतो. गती मात्र घोड्याची आहे. घरात बसलेल्या मुलाच्या मनातील घोडदौड अशीच असते. तीत घोड्याला खरारा करावा लागत नाही, जखमा होत नाहीत, मांड्या सोलवटत नाहीत. घोडा उंची देतो, वेग देतो, सोबत्यांच्या रांगेत स्थान देतो आणि बदल्यात काही मागत नाही. खऱ्या घोडदळात शिपायाचा निम्मा दिवस घोड्याच्या चाकरीत जातो. स्वप्नातला घोडा चाकरी करून घेत नाही. म्हणूनच त्याला उसना घोडा म्हणावयाचे.

श्पोर्कचा प्रसंग या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. योहान फॉन श्पोर्क ही ऐतिहासिक व्यक्ती होती. शेतकरी घरातून आलेला हा रांगडा माणूस घोडदळाचा सेनानी झाला आणि १६६४ च्या सांक्ट गोटहार्डच्या लढाईत लढला. कृतीत लांगेनाउ त्याच्यासमोर आपले पत्र घेऊन उभा राहतो. सेनापती त्यालाच ते वाचून दाखविण्यास फर्मावतो. तरुण वाचतो, आणि सेनापती एकच शब्द उच्चारून त्याला कॉर्नेट करतो. म्हणजे त्याला पद मिळते ते घोडा फेकल्यामुळे नव्हे, तलवार चालविल्यामुळे नव्हे, तर वाचून दाखविल्यामुळे. सैनिकी शाळेत अपयशी ठरलेल्या आणि कवितेत रमलेल्या मुलाला सेनापतीकडून पद मिळवून द्यावयाचे तर दुसरा कोणता मार्ग होता? येथे स्वप्न पाहणाऱ्याची ओळख क्षणभर उघडी पडते.

४. न चाललेले शस्त्र

आता युद्धाच्या भागाकडे पाहू. वीरगाथेत नायकाने निदान एक वार करावा अशी अपेक्षा असते. लांगेनाउ संपूर्ण कृतीत कोणावरही वार करताना दिसत नाही. त्याचे पाते चालते ते एकदाच. कॉर्नेट झाल्यानंतर तो एकटा घोड्यावरून जात असताना झाडाला बांधलेली, रक्ताळलेली, विवस्त्र तरुणी त्याला दिसते. तो खाली उतरून तिचे दोर कापतो. परंतु तिच्या नजरेने भेदरून तो लगेच घोड्यावर चढतो आणि पळ काढतो. तोडलेले दोर तसेच त्याच्या मुठीत असतात. युद्ध म्हणजे काय, हे त्याला या एका ठिकाणी समोरासमोर दिसते. त्याने तिला सोडविले आहे, पण तिच्याजवळ तो थांबू शकत नाही. घोडा येथे पळण्याच्या कामी येतो.

यानंतर लगेचच तो आईला पत्र लिहितो. पत्रात एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगितली आहे, की आपण आता निशाण वाहतो. आईने अभिमान बाळगावा, काळजी करू नये, प्रेम करावे, या तिन्ही मागण्यांना कारण एकच. नुकत्याच पाहिलेल्या स्त्रीविषयी त्यात एक अक्षर नाही. पत्र लिहून तो ते गुलाबाच्या पाकळीजवळ अंगरख्यात ठेवतो. जे पाहिले ते न लिहिणे आणि जे मिरवावयाचे ते तीनदा लिहिणे, ही रणातून घरी जाणाऱ्या पत्रांची जुनी रीत आहे. तिचे इतके नेमके चित्र काढणाऱ्या लेखकाला केवळ युद्धाचा भाट म्हणणे कठीण आहे.

शेवटच्या प्रसंगात तर सैनिकपणाची एकेक खूण गळून पडते. गढी पेटते तेव्हा तो बिछान्यातून उठून धावतो. अंगरखा आतच राहतो आणि पत्र व पाकळीसह जळून जातो. डोक्यावर शिरस्त्राण नाही. निशाण त्याने एखाद्या मूर्च्छित स्त्रीला उचलावे तसे उचलले आहे, आणि तेही पेट घेते. शत्रूच्या गर्दीत तो एकटा पोहोचतो, भोवती दचकलेल्या माणसांचे मोकळे रिंगण पडते. त्याला समोर बागा असल्याचा भास होतो. मग भान येते आणि तो घोडा त्यांच्यात घालतो. सोळा वक्र तलवारी अंगावर येतात, आणि त्याही त्याला उत्सवासारख्या वाटतात. गणवेश गेला, शिरस्त्राण गेले, निशाण जळाले. अंगाखाली उरला फक्त घोडा. शाळा सुटल्यानंतरही गणवेश न उतरविणाऱ्या मुलाने आपल्या नायकाला मात्र गणवेशाविना मारले आहे.

कृतीचा शेवटही विचारात घेतला पाहिजे. पुढील वसंतात एक जासूद घोड्यावरून सावकाश लांगेनाउला येतो आणि तेथे एक वृद्ध स्त्री रडताना पाहतो. वेगाने सुरू झालेली घोडदौड संथ चालीत संपते. आईला अभिमान बाळगावयास सांगणारे पत्र तिला मिळालेलेच नाही.

याच सुमारास लिहिलेली एक कविता या वाचनाला आधार देते. मार्च १९०६ मध्ये जोसेफ रिल्के वारले. त्याच वर्षी रिल्केने ‘माझ्या वडिलांचे तरुणपणीचे चित्र’ ही कविता लिहिली. ती पुढे ‘नव्या कविता’ (१९०७) या संग्रहात आली. ही कविता एका जुन्या छायाचित्राविषयी आहे. गणवेशातील तरुण वडील, तलवारीच्या मुठीवर विसावलेले हात. त्या हातांना करावयाचे काही नाही, ते वाट पाहत आहेत आणि चित्रात सर्वांआधी पुसट होत आहेत. ते पुसट होणारे चित्र मुलाच्या, तुलनेने सावकाश पुसट होणाऱ्या, हातात आहे. ‘कॉर्नेट’चे पुस्तकही १९०६ चेच. दोन्ही कृती शेजारी ठेवल्या म्हणजे नायकाच्या हातून शस्त्र का चालत नाही, याचा उलगडा होतो. ते हात वडिलांचे आहेत. स्वप्न त्यांचे, घोडाही त्यांचाच. मुलाने तो उसना घेऊन शेवटपर्यंत पळविला.

५. वाचकांच्या हाती पडलेले स्वप्न

येथपर्यंतचे विवेचन संहितेच्या बाजूने झाले. परंतु समीक्षेने वाचकाचीही बाजू पाहावयास हवी. १९१२ मध्ये इन्सेल या प्रकाशनसंस्थेने आपल्या स्वस्त पुस्तकमालेचा पहिला क्रमांक म्हणून ‘कॉर्नेट’ पन्नास फेनिगांना प्रसिद्ध केले. काही आठवड्यांतच हजारो प्रती खपल्या आणि पुढे हा आकडा दहा लाखांपलीकडे गेला. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा अनेक तरुण हे छोटे पुस्तक पाठपिशवीत घेऊन आघाडीवर गेले.

त्यांना तेथे घोडदौड मिळाली नाही. २१ ऑगस्ट १९१४ रोजी गॅलिशियात यारोस्लाविसे येथे ऑस्ट्रियाचे आणि रशियाचे घोडदळ मोठ्या संख्येने समोरासमोर भिडले. जुन्या पद्धतीच्या अशा लढाया त्यानंतर क्वचितच झाल्या. मशीनगन, काटेरी तारा आणि खंदक यांनी, विशेषतः पश्चिम आघाडीवर, घोडदळाच्या हल्ल्याला जागाच ठेवली नाही. म्हणजे ज्या क्षणी लाखो तरुणांचे सैनिकी स्वप्न खरे झाले, त्याच क्षणी त्या स्वप्नातील घोडा कालबाह्य झाला. चिखलात बसून घोडदौडीचे पुस्तक वाचणारा सैनिक हे दृश्य रिल्केने योजलेले नव्हते. पण त्याच्या कृतीत त्याची शक्यता होती, हे मान्य करावे लागेल. शस्त्राविना लढणारा नायक, न पोहोचलेले पत्र, रडणारी आई या सर्व गोष्टी संहितेत आहेत हे खरे. त्यांवर गतीची आणि मोहक प्रतिमांची जी झूल घातली आहे तीही संहितेतच आहे. अठरा-वीस वर्षांच्या वाचकाला झूलच दिसली तर दोष केवळ वाचकाचा मानता येत नाही. मृत्यूला उत्सवाचे रूप देणारी प्रतिमा नायकाच्या नजरेतील आहे, लेखकाची नाही, असे समीक्षक म्हणू शकतो. परंतु ही नजर आणि कथनाचा आवाज यांत लेखकाने पुरेसे अंतर ठेवलेले नाही. ही या कृतीची खरी मर्यादा आहे.

रिल्के स्वतःही या मोहातून सुटला नव्हता. ऑगस्ट १९१४ मध्ये त्याने युद्धदेवतेला उद्देशून पाच गीते लिहिली; मात्र लवकरच त्याचा उत्साह मावळला. जानेवारी १९१६ मध्ये त्याला व्हिएन्नात सैन्यात भरती व्हावे लागले. चाळिशीतील हा माणूस काही आठवडे पायदळाच्या कवायतीत राबला. सैनिक होण्याची संधी त्याला पंचवीस वर्षांनी मिळाली, ती घोड्याविना. नंतर त्याची बदली युद्ध-दप्तरखान्यात झाली. तेथे लेखकांनी आघाडीवरील वृत्तांत वीरकथांच्या रूपात सजवून लिहावेत अशी अपेक्षा असे. स्टेफान झ्वाइगही तेथेच काम करीत होता. ‘कॉर्नेट’च्या लेखकाने हे काम करण्यास असमर्थता दर्शविली. त्याला कागदावर रेघा आखण्याचे काम देण्यात आले आणि जून १९१६ मध्ये त्याची सुटका झाली. एका दप्तरी नोंदीतून वीरकथा घडविणाऱ्या कवीने, खरे युद्ध चालू असताना, दप्तरखान्यात बसून वीरकथा लिहिण्यास नकार दिला. त्याने आपल्या कृतीवर केलेली ही सर्वांत बोलकी टीका मानावी लागेल.

या कृतीचे आणखी एक वाचन नोंदविणे आवश्यक आहे. संगीतकार व्हिक्टर उल्मान हा पहिल्या महायुद्धात इसोंझोच्या आघाडीवर लढलेला माणूस होता. ज्यू वंशाचा असल्यामुळे १९४२ मध्ये नाझींनी त्याला टेरेझिनच्या छावणीत डांबले. तेथे १९४४ मध्ये त्याने ‘कॉर्नेट’मधील निवडक खंडांना निवेदक आणि पियानो यांसाठी संगीत दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आउशवित्झ येथे त्याची हत्या झाली. खंदकातील सैनिकाला जी कृती वीरमरणाची वाटली, ती छावणीतील या माजी सैनिकाला कशी दिसली असेल? आगीच्या आणि शत्रूच्या वेढ्यात एकटा, निःशस्त्र उभा असलेला तरुण त्याच्या दृष्टीने भूतकाळातील दंतकथा राहिला नसावा. युद्ध पाहिलेल्या वाचकाला या संहितेत झुलीखालचे काही दिसू शकते, एवढे तरी यावरून म्हणता येते.

६. स्वाराविना घोडा

फेब्रुवारी १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमधील म्युझो येथे रिल्केने ‘ऑर्फियसला उद्देशून सुनीते’ लिहिली. त्यांतील दोन सुनीतांत घोडा पुन्हा येतो. पहिल्या भागातील अकराव्या सुनीतात कवी आकाशात ‘स्वार’ नावाचे नक्षत्र शोधतो. एक हाकणारा आणि एक वाहणारा, दोघे मिळून एक झालेले. पण लगेच शंका येते. ते खरोखर एक असतात काय? वाट संपली की एकाला मेज आणि दुसऱ्याला कुरण. ‘कॉर्नेट’मध्ये जी शंका कधीच उपस्थित झाली नव्हती ती तेवीस वर्षांनी येथे येते. स्वार आणि घोडा यांचे ऐक्य हा प्रवासापुरता आभास आहे.

विसाव्या सुनीतात लू आंद्रेआस-सालोमेबरोबर रशियात केलेल्या १९०० मधील प्रवासाची आठवण आहे. संध्याकाळी नदीकाठच्या कुरणात एक पांढरा घोडा एकटाच येतो. पुढच्या पायाला खुंट बांधलेला आहे, तरी तो उधळतो आहे. श्पोर्कचा घोडाही पांढराच होता. परंतु या घोड्यावर कोणी नाही. त्याला कोणाचे स्वप्न वाहून न्यावयाचे नाही. पायातील खुंट सुटलेला नाही, हेही महत्त्वाचे आहे. सैनिकी शाळेतील पाच वर्षे कवीच्या पायात अशीच राहिली असावीत. मात्र धावण्यासाठी आता गणवेशाची किंवा निशाणाची गरज उरलेली नाही. हा उसना घोडा परत केल्याचा क्षण होय.

समारोप

‘कॉर्नेट’ ही रिल्केची श्रेष्ठ कृती नव्हे. उत्तरायुष्यात तिच्या अमाप लोकप्रियतेने तो अस्वस्थही होत असे. तथापि अपुऱ्या राहिलेल्या सैनिकी स्वप्नाचे स्वरूप समजून घेण्यासाठी ती मोलाची आहे. असे स्वप्न अपुरे राहते म्हणूनच सुंदर राहते. त्याला कवायतीचा, चिखलाचा, रक्ताळलेल्या स्त्रीच्या नजरेचा स्पर्श झालेला नसतो. ते बापाकडून मुलाकडे आणि पुस्तकातून वाचकाकडे जाते. जोसेफ रिल्के यांच्या हातून जे घडले नाही ते मुलाने लिहिले, आणि मुलाने जे लिहिले ते पुढच्या पिढीतील तरुणांनी प्रत्यक्षात आणण्याचा प्रयत्न केला. या साखळीत फक्त पहिल्या दोघांनाच ते स्वप्न अपुरे ठेवण्याची सवलत मिळाली होती.

साहित्य शिकविणाऱ्यांच्या दृष्टीने यातून एक प्रश्न उभा राहतो. आपल्यासमोर बसलेला विद्यार्थीही सोळा ते वीस वर्षांचाच असतो आणि वीरकथा त्याला अभ्यासक्रमात भेटतच असतात. अशा कथांतील घोडदौडीचा वेग त्याला आपसूक जाणवतो. तो शिकवावा लागत नाही. शिकवावे लागते ते अंगरख्यातच जळालेले पत्र, दोर कापल्यावर मागे टाकलेली स्त्री आणि संथ चालीने गावात शिरणारा जासूद. काप्पुसला लिहिलेल्या १९०८ च्या शेवटच्या पत्रात रिल्केने त्याच्या सैनिकी नोकरीचा धिक्कार केला नाही. उलट त्या स्थिर, खऱ्या जगण्याबद्दल समाधान व्यक्त केले. प्रत्यक्ष चाकरीत असलेल्या तरुणाशी बोलताना त्याने घोड्याचा, निशाणाचा किंवा वीरमरणाचा उल्लेखही केला नाही. स्वप्न आणि चाकरी यांतील फरक त्याला तोवर कळून चुकला होता. ‘कॉर्नेट’ वाचताना तो फरक विद्यार्थ्याच्या हाती देणे, एवढे काम अध्यापकाकडे उरते.